दिवसाची वही, रात्रीचं यंत्र

(सावित्रीबाई फुले जयंतीच्या निमित्ताने जळगाव येथे झालेल्या विद्यार्थिनी-पालक मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला 'मुली आणि तंत्रशिक्षण' असा विषय दिला आहे. मी इंजिनियर नाही, एम.एस.डब्ल्यू. झालेली कार्यकर्ती आहे. यंत्रातलं मला फारसं कळत नाही. पण काही वर्षांपूर्वी धुळ्याच्या एका इंजिनियरिंग कॉलेजात, स्पर्धेत हरून आलेल्या मुलामुलींच्या बैठकीत मी एक दुपार बसले होते. त्या दुपारी मला जे कळलं ते आज तुमच्यापुढे ठेवणार आहे. कॉलेजचं आणि मुलींचं नाव मी घेणार नाही. त्याची गरजही नाही, कारण असं कॉलेज तुमच्या-माझ्या प्रत्येकीच्या तालुक्याजवळ आहे.

आधी स्पर्धेबद्दल थोडं सांगते. तिचं नाव रोबोकॉन. आशिया आणि पॅसिफिक भागातल्या नभोवाणी-दूरचित्रवाणी संस्थांच्या संघटनेने २००२ साली ती टोकियोत सुरू केली. दरवर्षी यजमान देश एक खेळ ठरवतो आणि कॉलेजच्या मुलांनी तो खेळणारी यंत्रं स्वतः बनवायची. डाव अवघ्या तीन मिनिटांचा. आपल्या देशाची फेरी बरीच वर्षं पुण्याला, बालेवाडीच्या क्रीडासंकुलात व्हायची. २००८ साली आंतरराष्ट्रीय स्पर्धाच पुण्यात झाली आणि खेळ होता आपला गोविंदा, दहीहंडीचा. २०१४ साली ती पुन्हा पुण्यात आली, तेव्हाचा विषय होता आई-बापांना सलाम. एक यंत्र पालकाचं, दुसरं मुलाचं. पालक-यंत्राने मूल-यंत्राला उचलून सी-सॉवर न्यायचं, खांबांवरून चालवायचं, झोपाळ्यावर बसवायचं. मूल कडेवर घेऊन फिरण्याचं काम आपल्या आज्या-पणज्या बिनस्पर्धेच्या करत आल्या. त्या कामाचा जगभर खेळ झाला तेव्हा यंत्रं चालवणारे बहुतेक हात मात्र मुलग्यांचे होते.

आता त्या बैठकीकडे येते. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ साली कायदा झाला. त्याप्रमाणे संस्थेच्या अंतर्गत समितीवर बाहेरची, स्त्रियांच्या प्रश्नांवर काम करणारी एक व्यक्ती घ्यावी लागते. त्या कॉलेजात ती मी होते. एका दुपारी समितीचं काम संपवून निघाले, तर संघाचे मार्गदर्शक सर म्हणाले, "ताई, पोरं पुण्याहून हरून आलीत, तोंडं उतरलीत. पाच मिनिटं बसा, दोन शब्द बोला." मी बसले. बोलण्याची वेळ आलीच नाही.

फळ्यावर 'आपण काय शिकलो' अशी यादी चालली होती. बॅटऱ्या जास्त न्यायच्या. वायरी घट्ट बसवायच्या. सुटे भाग दोन-दोन ठेवायचे. लेथवाल्याकडे काम महिनाभर आधी टाकायचं. यादी चांगलीच होती. मात्र संघ पहिल्या गटातच बाद झाला तो वेगळ्याच कारणाने, आणि त्याबद्दल सगळे 'नशीब' म्हणत होते.

ते कारण मला समजलं तसं सांगते. यंत्राच्या पोटाखाली सेन्सर असतात. मैदानावर पांढरी पट्टी आखलेली असते. पट्टीवरून परत येणारा प्रकाश जास्त, बाजूच्या रंगीत जमिनीवरून येणारा कमी. हा फरक मोजत यंत्र पट्टी धरून चालतं. वर्कशॉपमध्ये ते यंत्र महिनाभर न चुकता चाललं होतं. बालेवाडीला चित्रीकरणासाठी लावलेल्या मोठमोठ्या दिव्यांखाली त्याने तिसऱ्या वळणावर पट्टी सोडली. उचलून पुन्हा सुरुवातीला ठेवलं, त्याने पुन्हा तिथेच सोडली. तेवढ्यात तीन मिनिटं संपली.

"तिथल्या लाइटचं आपल्याला कसं कळणार?" कॅप्टन मुलगा म्हणाला.

तेव्हा मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "मी लिहिलं होतं, सर."

ती तिसऱ्या वर्षाला होती, अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यातली. संघाची वही तिच्याकडे असे. सरांनी वही मागितली. स्पर्धेच्या पाच आठवडे आधीच्या पानावर निळ्या शाईत नोंद होती: दुपारी दोन वाजता खिडकीजवळ चाचणी घेतली, यंत्राने पट्टी सोडली. पडदा ओढल्यावर बरोबर चाललं. सेन्सरला काळ्या पुठ्ठ्याचा आडोसा करून पाहावा. तिने नंतर आणखी दोनदा चाचणी घेऊन दोनदा तेच लिहिलं होतं.

सरांनी विचारलं, "कुणाला सांगितलं का नाहीस?" ती म्हणाली, "सांगितलं होतं. रात्री तर बरोबर चालतं, असं म्हणाले."

मैत्रिणींनो, हे 'रात्री तर बरोबर चालतं' माझ्या डोक्यातून आजही जात नाही. कॉलेज साडेपाचला सुटायचं. वर्कशॉपमधलं खरं काम त्यानंतर सुरू व्हायचं आणि रात्री बारा-एकपर्यंत चालायचं. मुलींच्या वसतिगृहाचं फाटक सातला बंद. म्हणजे मुली संघात होत्या, पण दुपारच्या मोकळ्या तासाला यायच्या, तेव्हा वर्कशॉपमध्ये खिडकीतून लख्ख ऊन असायचं. मुलगे रात्री ट्यूबलाइटखाली काम करायचे. दिवसाचा दोष मुलींना दिसला, कारण दिवस त्यांच्या वाट्याला आला होता. निर्णय मात्र रात्री व्हायचे, आणि रात्री वही वाचायला तिथे ती वही लिहिणारी नसायची.

आणखी एक गोष्ट मी त्या दिवशी नीट विचारून घेतली. संघात बारा मुलगे आणि चार मुली. प्रायोजकांना पत्रं कोणी लिहिली? मुलींनी. खर्चाचा हिशेब? मुलींनी. अहवाल, तक्ते, सादरीकरण? तेही मुलींनी. वेल्डिंग, वायरिंग, प्रोग्रॅम आणि मैदानात यंत्र चालवणं मुलग्यांनी. ही वाटणी कुणी बैठक घेऊन केली नव्हती. जे काम खोलीवर नेता येतं ते मुलींकडे गेलं, जे वर्कशॉपमध्येच करावं लागतं ते मुलग्यांकडे राहिलं. चार महिन्यांनी मुलग्यांच्या हातात कसब आलं आणि मुलींच्या हातात फाइल. मग मुलाखतीला गेल्यावर 'तू नक्की काय केलंस?' असं विचारलं की मुलगी गप्प होते, आणि आपण म्हणतो, मुलींना टेक्निकलमध्ये रस नसतो.

ती मुलं वाईट नव्हती. कॅप्टन मला कळवळून म्हणाला, "ताई, आम्ही कधी नाही म्हटलं? त्याच येत नव्हत्या." तो खोटं बोलत नव्हता. त्याला फाटक दिसतच नव्हतं, कारण ते त्याच्यासाठी कधी बंद झालंच नव्हतं.

इथे मला माझीही चूक कबूल केली पाहिजे. त्याच्या दोनच वर्षं आधी त्याच वसतिगृहातली एक मुलगी माझ्याकडे आली होती. "ताई, फाटक नऊपर्यंत उघडं ठेवायला सांगाल का? लॅब पूर्ण होत नाही." मी तिला काय सांगितलं? "आधी डिग्री पदरात पाडून घे. आत्ता वाद घातलास तर घरचे परत नेतील." मला वाटलं, मी व्यवहाराचं बोलतेय. चळवळीतल्या बाईने रेक्टर मॅडमचंच वाक्य गोड करून सांगितलं होतं. ती मुलगी नंतर कधी माझ्याकडे आली नाही.

आता पालकांकडे वळते. आई-बाबांनो, तुमच्या मनातली भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. निदान जळगावात उभी राहून तरी म्हणणार नाही. १९९४ साली याच गावातलं लैंगिक शोषणाचं प्रकरण उघडकीला आलं, तेव्हा मी अगदी लहान होते. आरोप प्रतिष्ठेच्या आणि राजकीय वजनाच्या माणसांवर होते. आमच्या घरातल्या मोठ्या बायका सांगतात, त्यानंतर कितीतरी घरांनी मुलींचं कॉलेज बंद केलं, लग्नं उरकून टाकली. त्याच १९९४ साली महाराष्ट्राने देशातलं पहिलं महिला धोरण जाहीर केलं होतं. म्हणजे मुंबईत धोरण निघत होतं आणि इथे मुली घरात परत चालल्या होत्या. गुन्हा पुरुषांनी करायचा आणि शाळा मुलीची सुटायची, हा हिशेब आपण तेव्हा निमूट मान्य केला. सातचं फाटक त्याच हिशेबातून आलेलं आहे.

त्या अमळनेरकडच्या मुलीचे वडील मला भेटले, तेव्हा म्हणाले, "ताई, पोरगी राती बाहेर राहीन तं लोक काय म्हनतीन?" मी त्यांना विचारलं, "आबा, शेतात लाइट रात्रीची असली की बारं द्यायला कोण जातं?" ते म्हणाले, "मी आन् तिची माय." कपाशीच्या सऱ्यांतून, अंधारात, साप-विंचवाच्या रानात माय चालते, तेव्हा लोक काही म्हणत नाहीत. सिव्हिल हॉस्पिटलातली नर्स रातपाळी करते, तिला आपण 'सिस्टर' म्हणून हात जोडतो. रात्रीची बाई आपल्याला चालते, फक्त ती राबायला जात असली पाहिजे. शिकायला निघाली की रात्र धोक्याची होते. आबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पन वर्कशॉपमधी बाईमानूस कोन राहीन?" हा प्रश्न रास्त होता, आणि तो मुलीला विचारायचा नसून कॉलेजला विचारायचा होता.

संरक्षणाच्या नावाखाली संधी कशी जाते हे आपल्या कायद्यांनीही दाखवलं आहे. १९४८ च्या कारखाने कायद्यात संध्याकाळी ७ ते सकाळी ६ या वेळात स्त्रियांना कारखान्यात कामाला ठेवायला बंदी होती. हेतू चांगला असेल, पण पाळीवर चालणाऱ्या कारखान्याचा मालक म्हणायचा, मग बाई घेऊच कशाला? पुढे वाहतूक आणि सुरक्षिततेच्या अटी घालून ही बंदी सैल होत गेली. म्हणजे ज्या गोष्टी आधीच करायला हव्या होत्या, गाडी, उजेड, पहारा, त्या करायला अर्धं शतक लागलं.

वसतिगृहांबद्दल तर आता स्पष्ट लिहिलेलं आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक विनियमांत म्हटलंय की, सुरक्षिततेचं कारण पुढे करून मुलींच्या वसतिगृहाला मुलग्यांपेक्षा वेगळे, भेदभावाचे नियम लावता येणार नाहीत. मी त्या समितीवर दोन वर्षं बसत होते आणि हे कलम माझ्या पिशवीतल्या पुस्तिकेत होतं. त्या दुपारपर्यंत मी ते कुणापुढे वाचलं नव्हतं. वही न वाचणाऱ्यांत मीही होते.

मग आम्ही काय केलं? सरांना बरोबर घेतलं, प्राचार्यांकडे गेलो, रेक्टर मॅडमना बोलावलं. मॅडम आधी चिडल्या. "उद्या काही झालं तर नाव माझं येणार," म्हणाल्या. त्यांचंही खरं होतं. दीडशे मुलींना एक रेक्टर, एक म्हातारा वॉचमन, आणि रस्त्यावर दिवा नाही. तेव्हा मागण्या आम्ही मॅडमच्या बाजूनेही मांडल्या. वर्कशॉप ते वसतिगृह रस्त्यावर दिवे. संध्याकाळी वर्कशॉपमध्ये एक स्त्री कर्मचारी, तिला त्या वेळेचा पगार. स्पर्धेआधीचे दोन महिने फाटक दहापर्यंत. संघाने रोज काम सुरू करताना आदल्या दिवसाची वही मोठ्याने वाचायची. प्रत्येक काम आलटून पालटून, म्हणजे मुलगा हिशेब लिहील आणि मुलगी वायरिंग करेल.

कॉलेज म्हणालं, मुलींच्या पालकांची संमतीपत्रं आणा. मी म्हटलं, मुलग्यांच्या पालकांचीही आणा, नाहीतर कुणाचीच नको. यावर बराच खल झाला. शेवटी दोघांचीही मागवली. एका मुलग्याच्या वडिलांनी फोन करून विचारलं म्हणे, "माझा पोरगा रात्री बारापर्यंत कुठे असतो ते मला आजच कळलं!"

फाटकाची वेळ दहा झाली नाही, नऊ झाली. दिवे लागले. दोन मुलींच्या घरून संमती आली नाही, त्यांतल्या एकीने संघ सोडला. वही लिहिणाऱ्या मुलीच्या आबांनी सही केली. पुढच्या वर्षी सेन्सरला काळ्या पुठ्ठ्याचा आडोसा होता, चाचण्या उन्हात, ट्यूबखाली आणि हॅलोजनखाली अशा तिन्ही उजेडांत झाल्या, आणि मैदानात यंत्राचा कंट्रोलर तिच्या हातात होता. संघ जिंकला का? नाही, एक फेरी पुढे गेला आणि मग हरला. पण त्या वेळी 'नशीब' हा शब्द कुणी वापरला नाही, कारण कुठे चुकलं ते सोळाही जणांना सांगता येत होतं.

गोष्ट इथे संपली असती तर मला बरं वाटलं असतं. कोविडच्या काळात वसतिगृह बंद झालं. पुन्हा उघडलं तेव्हा रेक्टर नव्या, प्राचार्य नवे, आणि फाटक परत सातला. आम्ही विचारायला गेलो तर उत्तर मिळालं, "नऊचा निर्णय दाखवा." तो लेखी कुठेच नव्हता. तोंडी ठरलं होतं, आणि आम्ही त्यावर खूश होतो. ज्या मुलीच्या वहीचं आम्ही एवढं कौतुक केलं, तिच्याकडून आम्ही एवढंही शिकलो नाही की ठरलेलं लिहून, सही-शिक्का घेऊन ठेवावं. आज तिथल्या मुली पुन्हा पहिल्यापासून मागताहेत.

आपल्याला वाटतं, मिळालेलं टिकतंच. अफगाणिस्तानातल्या हेरात शहरातल्या सहा मुलींची गोष्ट आठवा. २०१७ साली अमेरिकेत वॉशिंग्टनला शाळकरी मुलांची जागतिक रोबो स्पर्धा होती. या मुलींना दोनदा व्हिसा नाकारला गेला. त्यासाठी त्यांनी हेरातहून काबूलला दोनदा खेपा घातल्या होत्या. जगभर बोंब झाली तेव्हा प्रवेश मिळाला आणि धाडसाबद्दलचं रौप्यपदक घेऊन त्या परतल्या. चारच वर्षांनी, २०२१ मध्ये तालिबान सत्तेवर आले आणि त्या संघातल्या काही मुलींना देश सोडावा लागला. तिथे सहावीनंतरची शाळा मुलींना बंद झाली, २०२२ च्या डिसेंबरात विद्यापीठंही बंद झाली. आपली तुलना तिथल्या परिस्थितीशी होऊ शकत नाही, हे मला कळतं. पण दिलेली वाट कुणाच्या मर्जीवर असेल तर ती परत घेतली जाते, एवढं तरी त्यातून घेऊया.

आपल्याकडे २०२४-२५ पासून शासनाने मागास आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल वर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ केली. खान्देशातल्या कितीतरी मुली त्यामुळे इंजिनियरिंगला जातील. फार चांगलं झालं. पण फी माफ होऊन आलेली मुलगी सातला कुलूपबंद होणार असेल, तर वर्कशॉपचा, लायब्ररीचा, लॅबचा अर्धा दिवस तिच्याकडून आपण रोज वसूल करतोच आहोत.

मुलींनो, तुम्हाला 'धीट व्हा' असा उपदेश मी करणार नाही. ती मुलगी धीटच होती, तिने तीनदा लिहिलं आणि एकदा सांगितलं. तुम्हाला एवढंच सांगते की हातातलं काम सोडू नका. अहवाल तुम्ही लिहा, पण वायरिंगमध्येही तुमचा हात असला पाहिजे. मुलग्यांनो, दोन-चार जण मागे उभे आहात, तुम्हालाही सांगते. 'त्या येत नाहीत' असं म्हणण्याआधी बैठकीची वेळ कुणी ठरवली ते बघा. पालकांनो, मुलीला 'कुठे होतीस' विचारता तसं कॉलेजला 'रस्त्यावर दिवा का नाही' हेही विचारा.

आपण ज्या गावात बसलो आहोत, तिथून आसोदा जवळच आहे, बहिणाबाईंचं माहेर. त्यांना लिहिता येत नव्हतं. घरातल्यांनी त्यांची गाणी ऐकता ऐकता उतरवून घेतली, म्हणून त्या गेल्यावर, १९५२ साली पुस्तक निघालं आणि आज इथल्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. तेव्हा लिहिता न येणाऱ्या बाईचं कुणीतरी ऐकलं. आता आपल्या मुली स्वतः लिहिताहेत, तर ते वाचणारं कुणीतरी पाहिजे.

दाराजवळच्या टेबलावर एक अर्ज ठेवला आहे. फाटकाची वेळ, रस्त्यावरचे दिवे, वर्कशॉपमधली स्त्री कर्मचारी, तीनच मागण्या आहेत, आणि चौथी ओळ अशी आहे की निर्णय लेखी द्यावा. तुमच्या कॉलेजचं नाव घालून तो पुरा करा. जाताना वाचा, पटला तर सही करा. आई-बाबांच्या सहीसाठीही जागा सोडली आहे.